ढिगाऱ्याच्या पायथ्याशी

आमच्या घरात पितळेच्या पातेल्यात दही लावायची कोणाची हिंमत नव्हती. कल्हईवाला नुकताच येऊन गेला असेल, पातेल्याच्या आत चांदीसारखी लकाकी असेल, तर गोष्ट वेगळी. कल्हई उडालेल्या भांड्यात चुकून ताक राहिले, तर दुसऱ्या दिवशी आजी ते चाखतही नसे. कडेला आलेली हिरवट झाक पाहूनच म्हणायची, "कळकलं. टाकून द्या." तरी आम्हा मुलांपैकी कोणीतरी बोट बुडवून पाहायचेच, आणि ती तुरट, मळमळवणारी चव बराच वेळ जिभेवरून जायची नाही.

या एका 'कळकण्या'त केवढे शास्त्र आहे, हे मला फार उशिरा कळले. दह्यातले जिवाणू दुधातल्या साखरेचे आम्ल करतात. ते आम्ल हवेच्या मदतीने पितळेतले तांबे सोडवते, आणि सुटलेले तांबे ताकात उतरते. जिवाणूने आम्ल करायचे, आम्लाने धातू सोडवायचा, धातूने पाण्यात उतरायचे: या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. फरक आहे तो आकाराचा. पातेल्याच्या जागी लाखो टनांचा दगडमातीचा ढीग ठेवा, दह्याच्या जिवाणूंच्या जागी लोखंड आणि गंधकावर जगणारे त्यांचे दूरचे भाऊबंद ठेवा, आणि रात्रीच्या जागी वर्षे मोजा. पातेल्यात जे नासणे होते, ते ढिगात कमाई ठरू शकते. कशामुळे ठरते आणि कशामुळे ठरत नाही, हे सांगण्यासाठी पुढची प्रकरणे लिहिली आहेत. त्यांचा रस्ता दाखवण्यापुरती ही प्रस्तावना.

खाण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खड्डा येतो. मला वाचकाची नजर खड्ड्यावरून उचलून शेजारच्या ढिगावर न्यायची आहे. आज जगात ज्या धातुकातून तांबे काढतात, त्यात बहुतेक ठिकाणी शंभर किलोमागे किलोभरही तांबे नसते. म्हणजे शंभरातले नव्याण्णव किलो मागे उरते. त्यातला काही भाग दळून, तांबे काढून घेऊन, पिठासारख्या बारीक गाळाच्या रूपात तळ्यात सोडलेला असतो. शिवाय धातुकापर्यंत पोचण्यासाठी फोडलेला खडक असतो, तो वेगळा. आणि 'यात धातू आहे, पण काढणे परवडत नाही' म्हणून बाजूला टाकलेल्या हलक्या प्रतीच्या मालाचा आणखी एक ढीग असतो. खड्डा एक दिवस पाण्याने भरतो आणि गप्प होतो. ढीग गप्प बसत नाही. त्यावर पाऊस पडतो, हवा आत शिरते, आणि कोणी सांगितले नसताना आत काम सुरू होते.

ते काम करणारा मुख्य जीव म्हणजे ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स. नाव लांबलचक असले तरी जीव एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. त्याला साखर लागत नाही, ऊन लागत नाही. झाडासारखा तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचे शरीर बांधतो. पण त्यासाठीची ऊर्जा सूर्याकडून न घेता लोखंडाकडून घेतो. हिराकशीचा हिरवा खडा बरेच दिवस उघड्यावर राहिला तर वरून तांबूस-पिवळा पडतो, हे अनेकांनी पाहिले असेल. त्यातले फेरस लोह हवेतल्या ऑक्सिजनमुळे फेरिक होते. या बदलात जी अगदी थोडी ऊर्जा सुटते, तिच्यावर हा जिवाणू आपला संसार चालवतो. मिळकत इतकी तुटपुंजी की पोट भरायला त्याला लोखंडाचा प्रचंड साठा उलथापालथ करावा लागतो. त्याचे हे दारिद्र्यच आपल्या उपयोगाचे आहे. थोडक्यात भागले असते तर त्याने ढीग पोखरला नसता.

आम्लधर्मी पाण्यात हा बदल जिवाणूवाचून इतका सावकाश होतो की न झाल्यासारखाच. सिंगर आणि स्टम या शास्त्रज्ञांनी १९७० साली दाखवून दिले की जिवाणू असले की त्याचा वेग सुमारे दहा लाख पटींनी वाढतो. तयार झालेले फेरिक लोह मग खनिजावर तुटून पडते. गंधकाशी बांधलेले तांबे, जस्त, निकेल, कोबाल्ट त्याच्या तडाख्यात सुटतात आणि सल्फेट होऊन पाण्यात जातात. तांब्याचे होते तेच मोरचूद, जे नाशिकचा द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात वापरतो. या झटापटीत फेरिकचे पुन्हा फेरस झालेले असते. जिवाणू ते पुन्हा फेरिक करतो. रहाटगाडग्याचे पोहरे जसे रिकामे होऊन खाली जातात आणि भरून वर येतात, तसे तेच लोखंड हजारदा फिरते आणि प्रत्येक फेरीत थोडा धातू वर आणते. उरलेल्या गंधकाची सोय दुसरा भाऊ, ॲसिडिथायोबॅसिलस थायोऑक्सिडन्स, लावतो. तो गंधकाचे थेट सल्फ्यूरिक आम्ल करतो. त्याची ओळख १९२२ साली वॅक्समन आणि जोफे यांनी करून दिली. हेच वॅक्समन पुढे स्ट्रेप्टोमायसिनमुळे जगाला माहीत झाले.

ढिगातून झिरपून आलेल्या त्या निळसर पाण्यात भंगार लोखंड टाकले की लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी तांबे बसते. शाळेत मोरचुदाच्या द्रावणात खिळा बुडवून हेच आपण केलेले असते. आजचे कारखाने भंगाराऐवजी विशिष्ट सेंद्रिय द्रवाने तांबे वेगळे करतात आणि विजेच्या साहाय्याने त्याचे शुद्ध पत्रे जमवतात. तत्त्व तेच.

आता याच चित्रातून माणूस काढून टाका. ढीग तोच, पाऊस तोच, जिवाणू तोच. झिरपलेले पाणी मात्र कोणी अडवले नाही. ते ओढ्यात जाते, ओढा नदीत जातो. पाण्याचा सामू लिंबाच्या रसाइतका खाली येतो, तळाला गेरूसारखा थर बसतो, मासे मरतात, काठची शेती करपते. खाणीच्या मुलखात याला 'आम्लपाणी' म्हणतात आणि खाण बंद पडल्यावरही ते पिढ्यान्‌पिढ्या वाहत राहते. जिवाणूने या दोन गोष्टींत वेगवेगळे काही केलेले नाही. एका ठिकाणी ढिगाच्या पायथ्याशी कोणी उभे होते, दुसऱ्या ठिकाणी कोणी नव्हते. या पुस्तकात मला मुख्यतः हेच सांगायचे आहे. जिवाणूंना कामाला लावायचे की नाही, हा प्रश्न आपल्या हातात उरलेलाच नाही. आपण ढीग टाकला त्याच दिवशी ते कामाला लागले. त्यांनी सोडवलेल्या धातूची आणि केलेल्या आम्लाची जबाबदारी कोण घेणार, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.

माणसाने हे काम कोण करते ते न कळताच शतकानुशतके त्याचा फायदा घेतला. स्पेनच्या दक्षिणेला रिओ तिंतो नावाची नदी आहे. नावाचा अर्थच रंगीत नदी. तिचे पाणी दारूसारखे लाल आणि आम्लधर्मी. तिच्या उगमाजवळ हजारो वर्षे खाणकाम चालले. रोमन लोकांनी तिथून चांदी आणि तांबे काढले. अठराव्या शतकात तिथल्या लोकांना कळले होते की खाणीतून येणाऱ्या पाण्यात लोखंड ठेवले की तांबे मिळते. १८७३ साली या खाणी एका ब्रिटिश कंपनीने स्पेन सरकारकडून विकत घेतल्या. तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे धातुकाचे ढीग उघड्यावर महिनोन्‌महिने जाळून त्यातला गंधक धुरावाटे उडवायचा. दुसरी म्हणजे ढीग रचून त्यावर पाणी सोडायचे आणि धीर धरायचा. पहिली वाट झटपट होती. त्या धुराने आसपासची झाडे गेली, पिके गेली, कामगारांची छाती गेली. ४ फेब्रुवारी १८८८ रोजी शेतकरी आणि खाणकामगार एकत्र येऊन गावात जमले. त्यांच्या मागण्यांत धूर थांबवण्याची मागणी होती. सैन्याने जमावावर गोळ्या झाडल्या. किती माणसे मेली, यावर आजही एकमत नाही. त्या प्रदेशात ते साल 'गोळ्यांचे वर्ष' म्हणूनच लक्षात राहिले. धूर त्यानंतरही काही वर्षे चालूच होता.

ही हकिगत मी मुद्दाम सांगतो, कारण जिवाणूंची वाट नेहमी कोणत्या तरी दुसऱ्या वाटेच्या तुलनेत तपासायची असते. भट्टी धूर देते, तिला इंधन लागते, पण ती काही तासांत मोकळी होते. जिवाणूंचा धूर नसतो. ते साध्या तापमानाला काम करतात, पण त्यांना वेळ लागतो आणि त्यांचे पाणी सांभाळावे लागते. रिओ तिंतोला ढिगांवर पाणी शिंपडणाऱ्या मुकादमाला यातले एवढे नक्की ठाऊक होते की पाणी आणि वेळ दिला की तांबे उतरते. ते कोण उतरवते, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

ते कळले १९४७ साली, आणि तेही तांब्याच्या खाणीत नव्हे. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणींतून आम्लपाणी येत होते आणि ओढे नासत होते. कोल्मर आणि हिंकल या दोघांनी दाखवले की त्या पाण्यातले जीव मारून टाकले तर लोखंडाचा तो बदल थांबतो; म्हणजे करणारा हात सजीवाचा आहे. पुढे १९५१ साली त्या जिवाणूला नाव मिळाले. पाठोपाठ यूटातल्या बिंगहॅम कॅन्यन या प्रचंड उघड्या खाणीच्या ढिगांतून येणाऱ्या पाण्यातही तोच सापडला, आणि १९५८ साली त्याच्या मदतीने धातू उतरवण्याच्या पद्धतीचे पेटंटही झाले. रोगाचे कारण शोधताना कामगार सापडला, असे या शास्त्राचे जन्मटिपण आहे. शाप आणि उपयोग एकाच कुडीत आहेत, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

या पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण युगांडातल्या कासेसे गावावर आहे. ते का, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे.

पश्चिम युगांडात रुवेंझोरी पर्वताच्या कुशीत किलेंबे येथे १९५६ पासून १९८२ पर्यंत तांब्याची खाण चालली. तांबे वेगळे करताना लोह-गंधकाचे पिवळसर खनिज, पायराइट, बाजूला पडे. त्यात थोडा कोबाल्ट होता, शंभर किलोत सुमारे १.४ किलो. तो काढायचे तंत्र हाताशी नव्हते, म्हणून ते पायराइट कासेसेजवळ साठवत गेले. खाण बंद पडली तेव्हा तिथे जवळपास दहा लाख टनांचा ढीग उभा होता. विषुववृत्ताचा पाऊस त्यावर कोसळत राहिला. जिवाणूंना आणखी काय हवे? ढिगातून आम्ल आणि धातू वाहू लागले. उतारावर पुढे क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यापलीकडे जॉर्ज सरोवर, ज्याच्या काठची माणसे मासेमारीवर जगतात. हत्ती आणि हरणे चरतात त्या गवताळ रानात, पाणी गेले त्या वाटेने, गवताचे पाते न उगवणारा एक उघडा पट्टा तयार झाला.

फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगर्भसंस्थेतल्या संशोधकांनी या ढिगावर अनेक वर्षे प्रयोग केले. जे जिवाणू उघड्यावर विध्वंस करत होते, तशांनाच पोलादी टाक्यांत घ्यायचे, असे ठरले. १९९९ साली कारखाना सुरू झाला. साडेतेरा लाख लिटरची एकेक टाकी, त्यात पाण्यात कालवलेले पायराइट, खालून हवा, मधोमध फिरणारे पाते. जिवाणूंना खत लागते आणि ते शेतातल्यासारखेच: नत्र, स्फुरद, पालाश. गंधक आणि लोखंडाच्या या मंद जळण्यातून एवढी उष्णता सुटते की टाक्या तापवाव्या लागत नाहीत, उलट पाणी खेळवून त्या ४२ अंशांच्या आसपास थंड ठेवाव्या लागतात. टाकीत सहाएक दिवस काढले की पायराइट फुटते आणि कोबाल्ट पाण्यात येतो. मग चुनखडीने आम्ल मारायचे, लोखंड गाळ म्हणून खाली बसवायचे आणि उरलेल्या पाण्यातून विजेने कोबाल्ट जमवायचा. तिथे चुनखडी जवळपास मिळत होती, म्हणून हे साधले. अशा प्रकल्पांचे गणित कितीदा तरी जिवाणूंवर नसते, चुनखडीच्या अंतरावर असते.

कोबाल्टचा भाव कोसळला तेव्हा कारखाना काही काळ बंद ठेवावा लागला, पुन्हा सुरू झाला, आणि २०१३ च्या सुमारास ढीग संपला म्हणून थांबला. एका कारखान्याने बंद पडण्याचे यापेक्षा चांगले कारण मला माहीत नाही. रान नासवणारा एक ढीग माणसाने खाऊन संपवला आणि त्याच्या बदल्यात विकता येईल असा धातू मिळवला.

गोष्ट इथे संपवली असती तर ती सुखान्त झाली असती, पण खरी राहिली नसती. किलेंबेच्या दरीत न्यामवांबा नदीच्या काठी त्याच खाणीचा दुसराही कचरा पडलेला आहे: तांबे काढून घेतल्यानंतरचा गाळ. त्यात कोबाल्ट फार नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणी टाक्या बांधल्या नाहीत. २०१३ आणि २०२० साली त्या नदीला मोठे पूर आले आणि काठचा गाळ पुन्हा कापला गेला. कासेसेचा धडा म्हणून दुहेरी आहे. ज्या कचऱ्यात दौलत आहे त्याला बाजार उचलतो. ज्यात फक्त विष आहे त्याला कोण उचलणार? जिवाणू या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. ते सरकारने, कायद्याने आणि खाणीच्या पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवलेल्या पैशाने द्यायचे असते. धातू विकून आलेल्या पैशात ओसाड कचऱ्याचाही वाटा धरला, तरच या तंत्राला मी सफाई म्हणेन. नाहीतर ती फक्त निवड आहे.

सोन्याची हकिगत मी त्या मानाने थोडक्यात आटोपली आहे, कारण तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. काही खाणींत सोन्याचे सूक्ष्म कण आर्सेनिक आणि गंधकाच्या खनिजात चिणलेले असतात. सायनाइडचे द्रावण त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पूर्वी असा माल भाजत असत आणि आर्सेनिक धुरावाटे जाई. दक्षिण आफ्रिकेत बार्बरटनजवळच्या फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून हे भिंत फोडण्याचे काम जिवाणूंच्या टाक्या करतात. इथे जिवाणू सोने विरघळवत नाहीत, सोन्याभोवतालचा तुरुंग फोडतात. सुटलेले आर्सेनिक पुरेशा लोहाबरोबर घट्ट बांधून पुरावे लागते. या शेवटच्या पायरीत हात आखडला तर धुरातले विष पाण्यात आणल्यासारखे होते.

फिनलंडमधल्या सोत्कामोची कथा मात्र मी लांबवली आहे. तिथे २००८ पासून काळ्या शिस्ट खडकातले निकेल ढिगांमधून जिवाणूंकरवी उतरवले जाते. शंभर किलो खडकात निकेल पाव किलोच्या आसपास. भट्टीने कधीच परवडले नसते. आत होणाऱ्या मंद ज्वलनामुळे बाहेर बर्फ असताना ढिगाचे पोट गरम राहते, आणि कडाक्याच्या हिवाळ्यातही जिवाणू थांबत नाहीत. शास्त्र बरोबर निघाले. चुकले ते पाण्याचे गणित. पावसाचे आणि बर्फाचे पाणी आवाक्याबाहेर साठत गेले, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये जिप्समच्या गाळाचा तलाव फुटून धातूमिश्रित पाणी आसपासच्या तळ्यांत आणि प्रवाहांत गेले. २०१४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि पुढच्या वर्षी खाण सरकारी मालकीच्या नव्या कंपनीकडे आली. जिवाणूंनी आपले काम चोख केले होते. पायथ्याशी उभ्या असलेल्यांना किती पाणी येईल याचा अंदाज आला नव्हता.

मग आपल्याकडे काय? मराठी वाचकासाठी लिहिताना हा प्रश्न टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नसते, आणि ओढूनताणून उत्तर देणेही.

आपल्या देशात या जिवाणूंचे काम सर्वांत स्पष्ट दिसते ते मेघालयात. जैंतिया टेकड्यांतल्या कोळशात गंधक भरपूर आहे. उंदराच्या बिळांसारख्या अरुंद भुयारांतून तो काढत आणि उघड्यावर रचून ठेवत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ साली या खाणकामावर बंदी घातली. तोवर कित्येक ओढ्यांतले मासे नाहीसे झाले होते. लुखा नदी हिवाळ्यात विलक्षण निळी दिसते आणि खाणींचे आम्लपाणी हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. प्रवासी त्या निळाईची छायाचित्रे काढतात. वेस्ट व्हर्जिनियात १९४७ साली सापडलेल्या जिवाणूचे गोत्र तिथेही नांदते.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण मलाजखंडचे. गोंदियाच्या पलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात ही तांब्याची मोठी खाण आहे. तिथे बाजूला टाकलेल्या हलक्या प्रतीच्या मालातून जिवाणूंकरवी तांबे उतरवण्यावर जमशेदपूर आणि भुवनेश्वरच्या प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षे काम केले आहे. अडचण खनिजात आहे. तिथले तांबे बहुतांशी चाल्कोपायराइटमध्ये आहे, आपल्या आयुर्वेदातल्या रसशास्त्राने ज्याला सुवर्णमाक्षिक म्हटले तेच. हे खनिज हट्टी. थोडे विरघळले की त्याच्या अंगावर एक पापुद्रा चढतो आणि पुढची क्रिया मंदावते. जास्त उष्णतेत जगणारे सूक्ष्मजीव तो पापुद्रा अधिक चांगला मोडतात. पण ढीग तेवढा तापता ठेवणे सोपे नाही. कर्नाटकात हट्टीच्या सोन्यासाठी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने जिवाणूंचे तंत्र पुढे नेले. ओडिशात सुकिंदाच्या क्रोमाइट खाणींवरच्या मातीत असलेले निकेल हा भुवनेश्वरच्या संशोधकांचा जुना ध्यास आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही सूक्ष्मजीव आणि धातू यांच्या नात्यावर दीर्घकाळ काम झाले आहे, हे मराठी विद्यार्थ्याने आवर्जून लक्षात ठेवावे. प्रयोगशाळेतल्या काचनळीपासून ढिगापर्यंतचे अंतर आपल्याकडे अजून फार मोठे आहे. ते कमी व्हावे, ही हे पुस्तक लिहिण्यामागची एक इच्छा.

गोव्याच्या वाचकाला मात्र एक गोष्ट आधीच सांगतो. तिथल्या लोहखनिजाच्या डंपांवर हे जिवाणू सोडले की काम झाले, असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. गोव्याचे लोखंड ऑक्साइडच्या रूपात आहे. त्यात गंधक जवळपास नाही आणि म्हणून या जिवाणूला खायला काही नाही. त्या डंपांचे दुखणे वेगळे आहे. पावसाळ्यात तिथली माती वाहून येते आणि भातशेतीत गाळ बसतो. त्यावर इलाज उतार बांधणे, गवत-झाडे लावणे आणि पाण्याचे चर काढणे हाच. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात असे दिसून आले आहे की गंधक बाहेरून पुरवला आणि हवा बंद केली, तर हाच जिवाणू ऑक्सिजनऐवजी फेरिक लोहाचा श्वास घेतो आणि ऑक्साइडचा खडकही विरघळवू लागतो. जांभ्या दगडासारख्या खडकांतल्या निकेलसाठी ही आशेची वाट आहे. आशा आणि उपाय यांतले अंतर वाचकापासून लपवणे मला पटत नाही, म्हणून त्या प्रकरणात केवळ आशाच मांडली आहे.

शब्दांबद्दल थोडे. हा विषय मराठीत लिहायला बसलो तेव्हा सुरुवातीला प्रत्येक वाक्यात परका शब्द येत होता. मग हळूहळू लक्षात आले की निम्मे शब्द घरातच आहेत. हिराकस आणि मोरचूद किराणा दुकानात आणि बागेत आहेत. सामू मातीपरीक्षणाच्या कागदावर आहे. नत्र-स्फुरद-पालाश शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. विरजण तर रोज हातात आहे: नव्या ढिगावर जुन्या ढिगाचे पाणी शिंपडतात ते विरजणच. परिभाषेत ज्याला 'निक्षालन' म्हणतात त्याला मी बहुतेक ठिकाणी 'धातू उतरवणे' म्हटले आहे, कारण वाचकाला ते उतरताना दिसावे. जीवशास्त्र न शिकलेल्या माणसाला, ज्याच्या तालुक्यात उद्या खाणीची जनसुनावणी होईल त्या माणसाला, हे पुस्तक वाचता यावे, असा प्रयत्न आहे. त्याने त्या सुनावणीत उभे राहून विचारावे: ढीग कुठे टाकणार? त्यात गंधक किती? खाली काय अंथरणार? पाणी कुठे जमवणार? खाण संपल्यावर ते पाणी कोण पाहणार आणि त्याचे पैसे आजच कुठे ठेवले आहेत? या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली तर जिवाणू आपले सोबती होतील. न मिळाली तरी ते काम करतीलच.

कल्हईवाल्याची आठवण आता वेगळ्या अर्थाने येते. आजीच्या पातेल्यात आम्ल आणि तांबे यांच्यामध्ये कथलाचा एक पातळ थर असे, म्हणून ताक गोड राही. तो थर झिजतो हे तिला ठाऊक होते. दर काही महिन्यांनी गल्लीत आरोळी आली की ती भांडी काढून ठेवी. धातू उतरवण्यासाठी रचलेल्या ढिगाखाली आज जाड प्लास्टिकचा थर अंथरतात. तोही झिजतो, फाटतो, त्याच्याकडेही पाहावे लागते, आणि पातेल्यासारखे काही महिन्यांनी नव्हे, दर पावसाळ्यात, माणसाच्या आयुष्याहून जास्त वर्षे. आजीने रसायनशास्त्र शिकले नव्हते. भांडे कोणी वापरले आणि कोणी घासायचे, हे मात्र तिच्या घरात कधी संदिग्ध राहिले नाही.